बांबूच्या वस्तूंत पैसा आहे का? आधी मिनिटं मोजा

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: कंपनीतली नोकरी सुटली, हाताशी अडीच लाख रुपये आहेत, घरामागे पत्र्याची शेड आहे. बांबूचे पेन स्टँड, मोबाइल स्टँड, की-चेन असल्या छोट्या वस्तू करून विकायच्या आहेत. एका यंत्रविक्रेत्याने पूर्ण संच दाखवून महिन्याला 60 हजार सुटतील असं सांगितलंय, वर तयार माल आम्हीच परत घेऊ अशी हमीही देतोय. संच घ्यावा का? आणि या धंद्यात खरंच नफा आहे का?

संच घेऊ नका. नफा आहे, पण तुम्ही तो जिथे शोधताय तिथे नाही.

मी कुडाळजवळच्या एका गावात सतरा वर्षं बांबूच्या लहान वस्तू करून विकते. माझ्याबरोबर पाच जणी काम करतात. वर्षातले आठ महिने त्यांना रोज काम देता येतं, चार महिने देता येत नाही. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं, तर पहिली तीन वर्षं कर्जाच्या हप्त्यासाठी घरचे काजू पडत्या भावात विकायची वेळ आली नसती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही बांबूचा भाव काढलात, यंत्राचा भाव काढलात, दुकानात पेन स्टँड कितीला जातो तेही पाहून आलात. भाव काढला नाहीत तो तुमच्या स्वतःच्या वेळेचा. बांबू स्वस्त असतो, हीच या धंद्यातली भूल आहे. आमच्याकडे चांगला माणगा जातीचा बांबू जागेवर 60-70 रुपयांना मिळतो. त्यातून बरेच छोटे नग निघतात, मग कागदावर नफाच नफा दिसतो. प्रत्यक्षात छोट्या वस्तूत बांबू असतो दहा रुपयांचा आणि हात असतो पन्नास रुपयांचा.

माझ्या वहीतला एक हिशेब देते. मजुरी मी तासाला 80 रुपये धरते, स्वतः बसले तरी तेवढीच. एक पेन स्टँड, सुटा, एकट्याने बसून केला: बांबू 10 रुपये, कीड लागू नये म्हणूनची प्रक्रिया आणि वाळवणी 4, सॅंडपेपर आणि तेल 9, वीज-पातं-शेड मिळून 8. वेळ 40 मिनिटं, म्हणजे 53 रुपये. झाले 84. दहातला एक तडकतो किंवा बिघडतो, त्याचे 8. खोका आणि लेबल 10. म्हणजे 102 रुपयांना तो तुम्हाला घरात पडला. दुकानदार छापील किमतीवर 40 टक्के मागतो. तुमच्या हातात 150 यायचे तर किंमत 250 छापावी लागेल. शेजारच्याच फळीवर चिनी बनावटीचा, गुळगुळीत, एकसारखा स्टँड 120 ला असतो. गिऱ्हाईक तुमचा हातात घेतं, "छान आहे हो" म्हणतं आणि खाली ठेवतं.

आता तोच स्टँड 60 नगांच्या घाण्यात करा. करवतीला ठोकळा ठोकून लांबी बांधून घेतली, सगळे तुकडे एका बैठकीत कापले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कडा मारल्या, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना तेल. नगामागे 14 मिनिटं लागतात, म्हणजे 19 रुपये. बाकी खर्च तोच, फुटतुटीचे 5, आणि नग 65 रुपयांना पडतो. बांबू तोच, हात तेच, अवजारंही तीच. फरक 37 रुपयांचा, आणि तुमचा नफा म्हणाल तर तो या 37 रुपयांतच आहे. कल्पकता, डिझाइन, "पर्यावरणपूरक" लिहिलेली चिठ्ठी हे सगळं त्यानंतर.

हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. मजुरी गावागणिक बदलते, बांबूचा भाव वाहतुकीवर जातो, आणि 14 मिनिटं ही सवयीच्या हाताची आहेत. तुम्हाला पहिल्या घाण्यात 25 लागतील. तुमच्या घरात दुसरी मिळकत आहे का, यावरही बरंच अवलंबून आहे. ती असेल तर वर्षभर शिकत, चुकत हा धंदा उभा राहतो. नसेल, आणि तिसऱ्या महिन्यापासून घरखर्च यातूनच काढायचा असेल, तर स्पष्ट सांगते, आधी दुसरी नोकरी बघा आणि हे काम संध्याकाळचं ठेवा. माझ्याकडे शिकून गेलेल्या बहुतेकींना पहिल्या वर्षी महिन्याकाठी सरासरी सहा-सात हजार हातात राहिले, तेही मुख्यतः दिवाळी ते रथसप्तमी या काळात. 60 हजार मी अजूनही सरासरीने पाहिलेले नाहीत.

आता बांबूकडे येऊ. इथे अडाणी राहिलात तर घाणे कितीही मोठे काढा, उपयोग नाही.

बांबू म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. आमचा माणगा बिनकाट्याचा, सरळ आणि बुडाकडे जवळजवळ भरीव. बांधावर, परसात लोक बेटं राखतात. भरीव असल्याने तो फर्निचरला, काठीला, मुठीला, की-चेनला उत्तम. पण पेन स्टँडला हवं जाड, पोकळ पेर, आणि ते माणग्यात फारसं मिळत नाही. त्याला कळक लागतो. तो काटेरी, काढायला त्रासाचा, पण पेर रुंद. टोपलीसाठी पातळ, लवचीक बेळं, म्हणजे विणायच्या पट्ट्या, निघायला हव्यात, तिथे मेस किंवा विदर्भातला मानवेल कामाचा. तेव्हा "मला पेन स्टँड करायचेत, बांबू कुठे मिळेल" असं विचारू नका. तुमच्या 30-40 किलोमीटरच्या परिसरात कुठला बांबू वर्षानुवर्षं मिळणार आहे ते आधी बघा, मग त्यातून काय होईल ते ठरवा. मी सुरुवातीला उलटं केलं. पेन स्टँडसाठी लांबून बांबू मागवला, आणि ट्रकचं भाडं बांबूपेक्षा जास्त झालं.

वखारीतल्या बांबूचं वय कुणालाच माहीत नसतं, आणि आपल्या कामात वयालाच सगळी किंमत. एक-दोन वर्षांचा कोवळा बांबू वाळताना सुरकुततो, आणि कीड त्यालाच आधी धरते. फार जून झालेला सोलताना मोडतो. तीन ते चार वर्षांचा हवा. ओळखायचा कसा? कोवळ्यावर पांढरट भुकटी असते, पेरांना खपल्या चिकटलेल्या असतात. तयार बांबूवर शेवाळाचे, बुरशीचे राखाडी ठिपके आलेले असतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला तर आवाज भरदार येतो. शेतकऱ्याशी नीट ओळख झाली की याहून सोपा उपाय आहे: दर वर्षी नव्या बांबूंवर एका रंगाचा पट्टा मारून ठेवायचा. या वर्षी पिवळा, पुढच्या वर्षी निळा. मी तीन शेतकऱ्यांच्या बेटांवर स्वतः रंग घेऊन जाते. हसतात मला.

आता माझी फजिती सांगते. दुसऱ्या वर्षी गोव्यातल्या एका रिसॉर्टने 200 टेबल-लॅम्प घेतले. माझ्यासाठी केवढी तरी मोठी ऑर्डर. घाईत बांबू तोडला सप्टेंबरात, प्रक्रिया केली नाही, उन्हात आठवडाभर टाकला आणि वर दोन हात पॉलिश. दिसायला देखणे झाले होते. तीन महिन्यांनी फोन आला, लॅम्पखाली रोज सकाळी पिवळसर पीठ पडलेलं असतं, झाडणारी बाई वैतागली आहे. जाऊन पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, लॅम्पच्या अंगभर. सगळे परत आणले. पैसे परत दिले. परसात ढीग करून पेटवले, आणि सासूबाई म्हणाल्या, "होळी लवकर केलीस गो."

चूक सर्वस्वी माझी होती, आणि एकदा समजली की सोपी आहे. बांबूत पिष्ट असतं, म्हणजे त्याचं साठवलेलं अन्न. भुंगेरा ते खायला येतो, आत अंडी घालतो, आणि पीठ पडतं ते त्याच्या अळ्यांचं काम. पॉलिशने तो थांबत नाही, कारण घालायची ती अंडी त्याने आधीच घातलेली असतात. पिष्ट कमी असतं तेव्हा तोडणं, म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, हा पहिला उपाय. पावसाळ्यात तर तोडूच नये. नवे कोंब येत असतात, बेटाचं नुकसान आणि आपलंही. दुसरा उपाय पाण्याचा. वाहत्या ओहोळात दोन-तीन आठवडे बांबू बुडवून ठेवला की पिष्ट बरंच धुऊन जातं. आमच्याकडचे जुने लोक हेच करायचे, आणि विणलेली सुपं चुलीवरच्या माळ्यावर धुराला ठेवायचे. तोड अमावास्येच्या आसपास करावी असंही ते सांगतात. मी ते पाळते, कारण तोडायला येणाऱ्या बाबल्याला पाळायचं असतं. पण अमावास्या धरली म्हणून कीड रोखणाऱ्या बोरॅक्सला, म्हणजे टाकणखाराला, सुट्टी मिळत नाही.

तिसरा आणि भरवशाचा उपाय म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड, गरम पाण्यात आधी विरघळवून घ्यायचं. अख्खा बांबू असेल तर सळईने आतले सगळे पडदे फोडून घ्या, नाहीतर द्रावण आत जाणारच नाही; मग सात ते दहा दिवस बुडवून ठेवा. चिरलेल्या कांबींना तीन-चार दिवस पुरतात. हातमोजे घाला. उरलेलं द्रावण झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नका, गाळून पुढच्या खेपेला वापरा. आणि एक कडक नियम: ज्या वस्तूत खायचं-प्यायचं ठेवलं जाईल, म्हणजे चमचा, पेला, ताटली, तिला हे द्रावण लावायचं नाही. तिथे बांबू उकळून, नीट वाळवून वापरावा लागतो, आणि तो कमी टिकतो हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. मी त्या वस्तू करणंच सोडून दिलं. शिवाय हे क्षार पाण्यात धुऊन जातात, म्हणून बागेत, पावसात राहणाऱ्या वस्तूवर त्यांचा भरवसा नाही.

यानंतर वाळवणं. अख्खा बांबू उन्हात टाकला की टाळ्या वाजवल्यासारखा तडकतो. सावलीत, वारा लागेल असा, उभा करून ठेवायचा. अख्ख्याला दीड-दोन महिने, चिरलेल्याला दोन-तीन आठवडे. एक आर्द्रतामापक घ्या, दीड-दोन हजारांत येतो, आणि 12 टक्क्यांच्या वर असलेला तुकडा कापायला घेऊ नका. आमच्या दमट हवेत वाळलेला म्हणून मी पाठवलेला माल पुण्यातल्या एसी ऑफिसात गेल्यावर तडकला, तेव्हा हे यंत्र मी घेतलं. तुमच्या साताऱ्याची हवा आमच्यापेक्षा कोरडी. ही तुमची जमेची बाजू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

हंगामाचं गणित इथेच चिकटून येतं. राखी आणि आकाशकंदील हे बांबूचे दोन चांगले हंगाम, पण दोन्हींचं काम ऐन पावसाळ्यात पडतं. जुलैत ओली बेळं घेऊन कंदील विणलात तर दिवाळीपर्यंत त्याला बुरशी. म्हणून जूनच्या आधी, मे महिन्याच्या उन्हात-वाऱ्यात वाळवलेली बेळं बांधून माळ्यावर ठेवावी लागतात. म्हणजे पैसा मे महिन्यात अडकतो आणि ऑक्टोबरात सुटतो. तुमच्या अडीच लाखांतला काही भाग या पाच महिन्यांसाठी राखून ठेवावा लागेल. यंत्रात घातलात तर या पाच महिन्यांसाठी सावकार शोधत फिराल.

आता विक्री. मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथे.

छोटी वस्तू एकेक विकायला जाल तर थकाल. एक की-चेन विकायला जेवढं बोलावं लागतं तेवढ्याच बोलण्यात शंभर की-चेन विकता येतात. फक्त माणूस वेगळा हवा. तेव्हा असा माणूस शोधा ज्याला एकसारख्या पन्नास-शंभर वस्तू एकदम लागतात. आपल्याकडे असं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कुठलं, सांगू? हळदीकुंकू करणारी बाई. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घराघरांत वाण लुटलं जातं. कुणाला 40 नग लागतात, सोसायटीच्या मंडळाला 150. प्लास्टिकच्या डब्या आणि स्टीलच्या वाट्या देऊन बायका कंटाळल्या आहेत, नवं काहीतरी हवं असतं. नगाला 40 ते 60 रुपये हा त्यांचा पल्ला. त्या पल्ल्यात बसणारी आणि घाण्यात पटकन होणारी वस्तू शोधा.

माझी तिथली हुकमी वस्तू म्हणजे अगरबत्तीचं घर. दहा इंचांचा तुकडा, मधून उभा चिरलेला, एका टोकाच्या पेराला तिरकं भोक. राख आतल्या पन्हळीत पडते. एका तुकड्यातून दोन नग निघतात. बांबू 4 रुपये, प्रक्रिया 2, तेल-सॅंडपेपर 5, आठ मिनिटं म्हणजे 11, इतर 4, फुटतूट 3, कागदी पिशवी 3. झाले 32. घाऊक भाव 55. पेन स्टँडइतका त्याला डौल नाही, प्रदर्शनात फोटो कुणी काढत नाही. पण दीडशे नगांच्या एका ऑर्डरीत तीन हजारांच्या वर सुटतात, पैसे आगाऊ निम्मे येतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच मंडळाचा फोन येतो: "या वेळी वेगळं काय?" ते वेगळं काय असेल ते मी भाद्रपदात ठरवून ठेवते.

आमच्याकडे गौरीच्या सणाला नव्या सुनेचा ओवसा असतो, त्याला नवी सुपं लागतात. बाहेरगावी राहणाऱ्यांना बेताची, हलकी, नीट कडा बांधलेली सुपं हवी असतात. असे आपापल्या भागातले प्रसंग शोधा. रुखवत आहे, बारशाच्या परतभेटी आहेत, शाळेच्या बक्षीससमारंभाला स्मृतिचिन्हं लागतात. बँका, पतपेढ्या दिवाळीला खातेदारांना काहीतरी देतात. नाव कोरून हवं असेल तर लेझरचं यंत्र घेऊ नका. नगावर दर ठरवून कोरून देणारे शहरात असतात.

तुमच्या हाताशी महाबळेश्वर-पाचगणी आहे, म्हणून दुकानांविषयी दोन शब्द. तिथला दुकानदार बहुधा म्हणेल, माल ठेवा, विकला की पैसे. पहिल्या खेपेला ठेवा, पण थोडा, आणि महिन्याने स्वतः जाऊन मोजा. दुसऱ्या खेपेला निम्मे रोख सांगा. तो नाही म्हणाला तर तुमचा माल त्याच्याकडे खपत नाही असा सरळ अर्थ काढा आणि माल उचला. दुकानांपेक्षा तिथल्या छोट्या हॉटेलांकडे जा. खोल्यांचे चाव्यांचे ठोकळे, खोलीतला ट्रे, टेबलावरचे क्रमांक, हे त्यांना पंचवीस-पंचवीस एकदम लागतात, हरवतात, मोडतात आणि पुन्हा लागतात. चावीचा ठोकळा भरीव बांबूतला करा, पाण्यात पडला तरी बिघडत नाही.

प्रदर्शनं चांगली, पण पोटापुरती नाहीत. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा बचतगटांचं मुंबईतलं महालक्ष्मी सरस, अशा ठिकाणी गर्दी असते आणि माणसं भेटतात. जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च आणि तिथे गेलेले दिवस वजा केले की हातात फारसं उरत नाही. मी तिथे विकायला कमी आणि मोबाइल नंबर जमवायला जास्त जाते. ऑनलाइन बाजारांचं म्हणाल तर 150 रुपयांच्या वस्तूला कमिशन, खोका आणि कुरिअर मिळून निम्मी किंमत जाते. 500 च्या खालची वस्तू मी तिथे टाकत नाही. व्हॉट्सॲपवरच्या ओळखीच्या गटांनी मला जास्त पैसे दिलेत.

टोपल्या, सुपं, परड्या विणण्याचा विचार तुम्ही लिहिलेला नाही, पण तो येईलच, म्हणून आधीच सांगते: त्या वाटेला स्वतः जाऊ नका. ते बुरडांचं काम आहे. हे मी केवळ रीत म्हणून सांगत नाही; ते पिढीजात हात आहेत. बेळ काढताना बुरुड बाई बोलत असते, नजर दुसरीकडे असते, आणि बेळ कागदासारखी एकसारखी निघते. तुम्हाला आणि मला ते दहा वर्षांत जमणार नाही. शिवाय त्यांच्या कामाला आधीच कवडीमोल भाव मिळतो, त्यात आपण अडीच लाख घेऊन उतरलो तर भाव आणखी पडेल. उलट त्यांच्याकडून विणलेले पट्टे, छोट्या परड्या त्यांनी सांगितलेल्या भावाला घ्या, आगाऊ पैसे द्या आणि आपल्या वस्तूत बसवा. माझ्या लॅम्पचं विणकाम वेंगुर्ल्याकडचं एक कुटुंब करतं. पहिल्या वर्षी मी भाव घासला, तर त्यांनी बेळं जाड काढली. दोघांनाही काय ते कळलं. शहरात "हस्तकला" म्हणून चौपट किमतीला जाणाऱ्या टोपलीतले किती पैसे त्या हातांपर्यंत पोचतात, याचा मला राग येतो, पण तो इथे नको.

त्या संचाकडे वळते. 2019 मध्ये केंद्राने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले आणि 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क 10 वरून 25 टक्के केलं. त्यानंतर आमच्या भागात काडीची यंत्रं विकणारे फिरू लागले. बोलणं हेच: यंत्र घ्या, काडी आम्ही घेऊ. दोघा ओळखीच्यांनी घेतली. पहिल्या दोन खेपा घेतल्या गेल्या. तिसरीला काडी ओली आहे, रंग काळपट आहे, जाडी कमी-जास्त आहे. करारात "दर्जा योग्य असल्यास" असे तीन शब्द होते. ती यंत्रं अजून आहेत, ताडपत्री घातलेली. तुमचा विक्रेता तसाच असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला विचारा की दोन वर्षांपूर्वी ज्यांनी संच घेतला अशा तिघांचे पत्ते द्या, आणि न कळवता जाऊन बघा. मोठं यंत्र वाईट नसतं. त्याला रोज पोटभर काम लागतं, आणि तेवढी मागणी तुमच्याकडे आज नाही.

सुरुवातीला लागतं ते एवढंच: दोन चांगले कोयते, बारीक दातांची हातकरवत, एक ड्रिल, पट्ट्याचं छोटं सॅंडर, शिकंजा, द्रावणासाठी 200 लिटरचं पिंप किंवा आडवी टाकी, आर्द्रतामापक. वीस-पंचवीस हजारांत बसतं. विजेची करवत वापरणार असाल तर पातं कार्बाइड टोकाचं घ्या, बांबूच्या सालीतली सिलिका साधं पातं दोन दिवसांत बोथट करते. मास्क घातल्याशिवाय सॅंडर लावू नका. साल तासल्याशिवाय रंग धरत नाही, तेव्हा रंगवायचंच असेल तर ती मिनिटंही हिशेबात धरा. मी जवसाचं तेल आणि मेण यांवर भागवते.

शिकायला जायचं तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, आमच्या कुडाळात कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे. चौकशी करून एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस घालवा. यूट्यूबवर बांबू कसा चिरायचा ते दिसतं, कोयता अडकल्यावर मनगट कसं वळवायचं ते दिसत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तो वनक्षेत्राबाहेरच्या बांबूसाठी. शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू घेताना त्याची साधी पावती मात्र जवळ ठेवा, रस्त्यात कुणी विचारलं तर वाद नको. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून टाका. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विकायचं तर नियम वेगळे आहेत, एकदा सीएला विचारा. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपल्या-चटया विणणारे येतात. अवजारांना 15 हजार, आणि आधी 1 लाख, मग 2 लाख असं 5 टक्के व्याजाने कर्ज. ती पिढीजात हातकाम करणाऱ्यांसाठी आहे. तुमच्यापेक्षा तुमच्याबरोबर काम करणाऱ्या बुरुड कुटुंबाच्या ती जास्त उपयोगाची, त्यांचा अर्ज भरायला मदत करा.

तुमच्या अडीच लाखांचं मी काय केलं असतं? पंचवीस हजार अवजारं. पंधरा-वीस हजार शिकणं आणि फिरणं. तीस हजारांपर्यंत कच्चा माल, तोही एकदम नाही. 50 हजार मे ते ऑक्टोबरच्या अडकणाऱ्या पैशासाठी बाजूला. उरलेले बँकेत, वर्षभर हात न लावता.

आता पावसाळा उतरतोय, ही वेळ तुमच्या सोयीची आहे. या खेपेला स्वतः बांबू तोडून प्रक्रिया करत बसलात तर संक्रांत हातातून जाईल; प्रक्रिया केलेला, वाळलेला बांबू वीस नग विकत घ्या, थोडा महाग पडला तरी चालेल. त्याच्या जोडीला दिवाळीनंतर एखाद्या शेतकऱ्याचं बेट बघून पुढच्या वर्षासाठी तोड करा. एकच वस्तू निवडा, दोन नकोत. तिचे पाच नग करून ओळखीच्या पाच बायकांच्या हातात द्या आणि विचारा, हे वाण म्हणून 55 रुपयांना घ्याल का. "छान आहे" हे उत्तर मोजू नका, "किती दिवसांत मिळतील" हे मोजा. तसं तिघींनी विचारलं तर 60 चा पहिला घाणा लावा, शेजारी घड्याळ आणि वही ठेवून. कापायला किती मिनिटं, घासायला किती, तेलाला किती, फुटले किती. ते चार आकडे मला लिहून पाठवा, मग भाव किती लावायचा ते आपण मिळून ठरवू.